त्या नंबरला फोन लावू नका

कराड,
शुक्रवार

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. तू भरती होऊन ट्रेनिंगला गेलास तेव्हा मी दुसरीत होते, आणि तू गेल्यावर घरात लिहिता येणारी मी एकटीच उरले होते. आई भाकरी थापता थापता सांगायची, "लिव, म्हस व्याली. लिव, तुज्या बाचा खोकला थांबला." मी ते बाईंनी शिकवल्यासारखं शुद्ध करून लिहायचे आणि शेवटी माझं म्हणून एक वाक्य घालायचे, की मला पेन्सिलींचा डबा आण. पुढे फोन आले, पत्रं बंद झाली. आता पुन्हा लिहायला बसले आहे, कारण फोनवर हा विषय काढला की आता पुण्यात राहायला जाऊनसुद्धा तुझी रेंज जाते.

आधी घरचं सांगते. आप्पांचा गुडघा थंडीत दुखतोय, पण ते रोज चौकात जाऊन बसतात. स्लॅबचं काम थांबलंय, सळया उघड्या आहेत, त्यांवर आई धुणं वाळत घालते. ईश्वरीचा पुढचा दात पडला. ती आता आजीजवळ झोपते. मी गेल्या शनिवारी वडूजच्या गाडीने घरी गेले तर ती पायरीवर बसली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आय कुठं गेली गं तुजी?" तर ती पाठ केल्यासारखी म्हणाली, "पळून गेली." मी आईकडे बघितलं. आई गहू निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "शाळंत पोरं इचारत्यात. कायतरी सांगाय नगं?" दादा, तुझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिची आई पळून गेलेली नाही. तिला आप्पांनी आणि नानासोकाकांनी गाडीत बसवून आष्ट्याला माहेरी सोडलं, आणि गाडी वळवताना काका तिच्या वडिलांना म्हणाले, "तुमचा माल तुमी ठेवा." हे मला काकांनीच सांगितलं, आणि सांगताना ते हसत होते.

येत्या रविवारी आष्ट्याला बैठक आहे, तुला माहीत आहेच. फारकतीचा कागद तयार आहे. त्यात लिहिलंय की दीपमालाने परपुरुषाशी संबंध ठेवून नवऱ्याच्या बँक खात्याची गुप्त माहिती त्याला दिली आणि नवऱ्याची आयुष्याची कमाई घालवली, म्हणून मुलीवर तिचा हक्क नाही. त्याच्याखाली वहिनीने सही करायची. तू येणार नाहीस, कारण आप्पांनी ठरवलंय, "पोराला मधी आणायचं न्हाई. त्यानं सतरा वर्सं सोसलंय, बास झालं." माण तालुक्यातलं एक स्थळ आईने बघूनही ठेवलंय. त्या मुलीचा फोटो आईच्या पिशवीत आहे. तुझ्याही मोबाईलवर पाठवला, असं ती म्हणाली.

तुझ्या मिरवणुकीची तयारी आम्ही महिनाभर करत होतो. आपल्याकडे फौजेतून पोरगं निवृत्त होऊन आलं की गाव त्याला उघड्या जीपमधून फिरवतं, हे काही नवं नाही, पण तुझ्यासाठी गावातल्या पृथ्वीराजच्या तरुण मंडळाने जरा जास्तच मनावर घेतलं होतं. हलगीवाले ठरले, पाचशे पानांचं जेवण ठरलं, वेशीवर तुझा वर्दीतला फ्लेक्स लागला. आणि गावाच्या फेसबुक पानावर पृथ्वीराजने तुझं विमानाचं तिकीट जसंच्या तसं टाकलं. जम्मू ते दिल्ली, दिल्ली ते पुणे, तुझं पूर्ण नाव, तिकिटाचा नंबर, तुझा ईमेल, सगळं. मी त्याला फोन करून म्हणाले, फोटो काढून टाक, यावर ज्याचं लक्ष असतं त्याला एवढं पुरतं. तो म्हणाला, "ताई, तिकिटात काय सोनं हाय व्हय? गावाला कळू दे की, आपला माणूस इमानानं येतोय." दुसऱ्या दिवशी दिल्लीत धुकं उतरलं, शंभरावर विमानं रद्द झाली, आणि ते टीव्हीवर बघून त्याच पानावर त्याने लिहिलं, "दादा दिल्लीत अडकले, प्रार्थना करा." चोराला दार कुठलं ते आधीच माहीत होतं. आता घरात कोण आणि कसल्या घाईत आहे, तेही कळलं.

पुढचं तू सांगितलंस ते असं. तुझं जम्मूचं प्रीपेड सिम तिकडच्या बाहेर चालत नाही, ते दिल्लीत बंद पडलं, त्यामुळे तू कोणालाच फोन करू शकला नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारी विमान कंपनीनेच सगळ्यांना पुढच्या विमानात बसवलं. तू आलास, मिरवणूक एक दिवस उशिरा पण झोकात निघाली. वहिनी निळी पैठणी नेसून ओवाळायला उभी होती. जीप आपल्या दाराशी आली तेव्हा तू खाली उतरून आधी आप्पांना सॅल्यूट केलास आणि सगळं गाव रडलं. मीही रडले. माझी फी तू भरायचास, हॉस्टेलचं भाडं तू भरायचास, आपल्या घरात कॉलेजचं दार बघितलेली मी पहिली आणि ती तुझ्या पगारावर. त्या दिवशी मला वाटलं, याच्यापेक्षा मोठा माणूस मी बघितला नाही.

मग पंधरा दिवसांनी तू आप्पांना घेऊन स्लॅबसाठी पैसे काढायला बँकेत गेलास आणि फंडाचे जवळजवळ सगळे पैसे गेलेले निघाले. त्या संध्याकाळची मला एक एक गोष्ट आठवते. खात्याला वहिनीचा नंबर जोडलेला होता. तो तूच जोडला होतास, कारण तुझ्या पोस्टवर रेंज नसायची आणि तिचा बटणांचा फोन कायम चालू असायचा. बँकेने सांगितलं की पैसे गेले तेव्हा त्या फोनवर तीन ओटीपी आले होते. आप्पांनी फोन मागितला. त्यात धुक्याच्या त्या दिवशीचे एका अनोळखी नंबरचे तीन फोन होते. वहिनी म्हणाली, "ह्यांचाच फोन हुता. दुसऱ्याच्या फोनवरनं केलाय म्हनले. आलेला नंबर वाच म्हनले, मी वाचला." सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "मी फोन केलाच न्हाई." आवाज चढवला नाहीस, शिवी दिली नाहीस. एवढं साधं म्हणालास की त्याच्यावर अविश्वास कोण ठेवणार? वहिनी म्हणाली, "आवं, तुमीच न्हाई का म्हनला, मिरवणुकीला निळी पैठणी नेस?" तू जमिनीकडे बघितलंस. नानासोकाका म्हणाले, "बघा, पैठणीबी ठाऊक हाय त्याला. कोण हाय गं त्यो?" तिथून पुढे कोणी पैशांचं बोललंच नाही.

मी मध्ये पडायला बघितलं. विमानं रद्द झाली की फसवणाऱ्यांचं पीक येतं, हे मी ऑफिसात वाचलेलं होतं. आमच्या शोरूमच्या साहेबांनाही तसला मेल आला होता, भरपाई हवी तर इथे दाबा म्हणून. मी म्हणाले, दादाच्या ईमेलवर काय काय आलं होतं ते बघू या. तू म्हणालास, मेल सगळे पुसून टाकलेत, जागा नव्हती. मी म्हणाले, मग सायबर पोलिसांत जाऊ. तू म्हणालास, "घरच्या बाईचं नाव चावडीवर नेऊ व्हय?" मी म्हणाले, निदान त्या नंबरला फोन लावू. त्यावर मात्र तू एकदम उठलास. म्हणालास, "त्या नंबरला कुणीबी फोन लावू नका. लावला की उरलंसुरलं पण जाईल. हे लोक लाइनीवरनं खातं उघडत्यात." मी इतकी शिकलेली, आणि मला ते खरं वाटलं. खरं म्हणजे, मला तुझंच सगळं खरं वाटतं. फोन हातोहाती फिरत होता तेव्हा मी तो नंबर उतरवून घेतला, पण लावला नाही. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "अंकिताताई, तुमीच सांगितलंत ना, आलेला नंबर कुणालाबी सांगायचा न्हाई. पन नवरा कुणात येतो का?" आईने तिच्या हातातली ईश्वरी ओढून घेतली.

आईने मला मागच्या रविवारी ज्या कामासाठी आष्ट्याला पाठवलं ते सोपं होतं. वहिनीच्या साड्या एका खताच्या पोत्यात भरून दिल्या होत्या, त्या टाकून यायचं. पैठणी मात्र आईने ठेवून घेतली, "नव्या सुनंला हुईल" म्हणून. वहिनी हळद निवडायला जाते आता. हात कोपरापर्यंत पिवळे होते. तिने पोतं उघडलं नाही. ईश्वरीचा दात पडला हे सांगितल्यावर विचारलं, "कुठला? वरचा का खालचा?" मी सांगितलं. मग म्हणाली, "कौलावर टाकला का?" मला माहीत नव्हतं. तिच्या आईने चहा दिला तो माझ्यापुढे ठेवलासुद्धा नाही, उंबऱ्यावर ठेवला. निघताना वहिनी वेशीपर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "तुमी तरी ह्यास्नी एकदा सरळ इचारलं का? का समद्यांनी माझ्याकडंच बघितलं?"

मी एसटी स्टँडवर बसले आणि तो नंबर लावला. चोर काय बोलेल, आपण काय बोलायचं नाही, कुठला आकडा तोंडातून जाऊ द्यायचा नाही, हे मी मनात घोकत होते. पलीकडून म्हातारा आवाज आला, "जय जिनेंद्र. कोण बोलतंय?" मी आधी आजूबाजूला कोणी ऐकतंय का ते बघितलं. तो म्हणाला, "अवो, बोला की. हळदीचं हाय का?" मी तुझं नाव सांगितलं, धुक्याचं सांगितलं. तर तो खूश झाला. म्हणाला, "आपले आष्ट्याचे जावई व्हय? फौजी? पोचले का मिरवणुकीला? आणि पैशाचं काय झालं, मिळालं का?"

त्यांचं नाव आदगोंडा पाटील. सांगलीला मार्केट यार्डात त्यांची हळदीची पेढी आहे, घर आष्ट्यात. हस्तिनापूरची यात्रा करून ते दिल्लीहून परतत होते. तू त्यांच्याशेजारी फरशीवर बसला होतास, आष्टा म्हणताच "मी आष्ट्याचा जावई" म्हणालास, त्यांनी तुला दशम्या दिल्या. मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आष्ट्याला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी चंदनबालाकाकूंनी दिवस मावळायच्या आत जेवायला बसवलं, आणि आदगोंडाकाका सांगत राहिले. मला काही विचारावं लागलंच नाही. विमानतळाच्या वायफायवर तुला मेल आला. त्यात तुझं नाव होतं, तिकिटाचा नंबर होता, आणि लिहिलं होतं, निवृत्त सैनिकांसाठी उद्या सकाळच्या पहिल्या विमानात राखीव जागा, नोंदणीपुरते पाच रुपये भरा. त्यांनाही तसलाच मेल आला होता, त्यात सैनिकाऐवजी ज्येष्ठ नागरिक होतं एवढंच. ते तुला म्हणाले, "फौजी, पाठवणाऱ्याचा पत्ता तरी बघा. कंपनीचं नावच न्हाई त्यात. आणि पाच रुपयाला बँकेचा पासवर्ड कशाला लागतोय? काउंटरवर जाऊन इचारू, रांग मोठी हाय तर हाय." तू म्हणालास, "शेठ, आमाला शिकवू नका. गाव थांबलंय माझ्यासाठी. उद्या सकाळी न्हाई पोचलो तर माझी इज्जत काय ऱ्हायली?"

मग तू त्यांचा फोन मागून घेतलास, कारण वहिनीच्या बटणांच्या फोनला साधाच फोन लागतो. तीनदा लावलास. ते शेजारीच होते, त्यांना ऐकायचं नव्हतं पण ऐकू आलं. "दीपे, आलेला नंबर वाच. सावकाश वाच. आणि घरात कुणाला सांगू नगं, उद्या सकाळी एकदम दारात उभा ऱ्हातो का न्हाई बघ." आणि शेवटच्या फोनवर, हे सांगताना आदगोंडाकाका काकूंकडे बघून हसले, "निळी पैठणी नेस म्हनले. आमी म्हातारा-म्हातारी हसलो, फौजी लय हौशी हाय."

दादा, हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. पैठणीचं नावही काढलं नव्हतं.

राखीव जागेचा निरोप आलाच नाही. तासाभराने तू पुन्हा तो मेल उघडलास, पाठवणाऱ्याचा पत्ता बघितलास आणि तुझा चेहरा उतरला, असं ते म्हणाले. त्यांनी तुला सांगितलं, "एकोणीसशे तीसला फोन लावा, सरकारचा नंबर हाय, माझ्याच फोनवरनं लावा. आत्ता लावला तर पैसे वाटंतच अडवत्यात. माझ्या पुतण्याचे अडवले हुते." तू त्यांचा फोन त्यांच्या हातात ठेवलास, पिशवी उचललीस आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसलास. विमानात त्यांनी हात केला तर ओळख दाखवली नाहीस. म्हणजे पैसे गेले हे तुला बँकेत कळलं नाही. जीपमध्ये हार घालून उभा होतास तेव्हाच तुला माहीत होतं. वहिनी ओवाळत होती आणि तुला माहीत होतं. मी हे चार दिवस कितीतरी वेळा पडताळून बघितलं, कुठे माझंच काही चुकतंय का, म्हातारा माणूस आहे, दुसऱ्या कोणाचं तर सांगत नाही ना. त्यांच्या फोनमध्ये तीन फोन आहेत, वहिनीच्या नंबरचे, त्याच दिवसाचे. चुकत नाही.

फसलास म्हणून मी तुला कधीच काही म्हटलं नसतं. माणूस दिवसभर फरशीवर बसलेला असतो, भुकेला असतो, घरी जायचं असतं, आणि कोणीतरी त्याच्या नावानिशी त्याला हाक मारतं. आमचे साहेबही बोट ठेवणारच होते. पैसे गेले असते, आपण चौघं बसून रडलो असतो, सळया दोन वर्षं उघड्या राहिल्या असत्या. त्या चोरांनी तुझे पैसे नेले. बाकीचं सगळं तू नेलंस.

मला वाटलं, तरी तुला एकदा विचारावं. या आठवड्यात मी तीनदा फोन केला, आठवतंय ना. एकच प्रश्न विचारला, दादा, तू दिल्लीहून वहिनीला फोन केला होतास का? सोमवारी रात्री तू म्हणालास, नाही. बुधवारी म्हणालास, किती वेळा सांगू, नाही. काल मी रडत होते हे तुला कळत होतं, तरी म्हणालास, "लय शिकलीस म्हणून माझी झडती घेतीस का गं? तिच्या चपला उचल जा." मी फक्त एक हो मागत होते. ते एक हो मिळालं असतं तर आदगोंडाकाकांचं नाव मी मरेपर्यंत काढलं नसतं. कागद फाडायला लावला असता, वहिनीचे पाय धरले असते, लोकांना काहीतरी सांगितलं असतं. मी तुझ्यासाठी खोटं बोलायलाही तयार होते. मला त्याची लाज वाटते, पण होते.

आत्तापर्यंत वाचून तुला वाटत असेल की रविवारच्या आत तू यावंस, चूक कबूल करावीस, म्हणून मी हे लिहिलंय. तसं नाही. आज शुक्रवार आहे आणि हे पाकीट मी सोमवारी सकाळी पेटीत टाकणार आहे. तू हे वाचशील तेव्हा बैठक होऊन गेलेली असेल. आदगोंडाकाका त्यांचा फोन घेऊन येणार आहेत, गावासमोर बसून दिल्लीत काय झालं ते सगळं सांगणार आहेत. तिथून मी आणि वहिनी सांगलीला सायबर पोलिसांकडे जाऊ, तुला जबाबासाठी बोलावणं येईल. वहिनीशी माझं बोलणं झालंय, ती फारकतीवर सही करणार आहे, तिलाच ती हवी आहे, पण कागद नवा असेल आणि त्यात फोन कोणी केला ते लिहिलेलं असेल. घरी "आईला शेवटचं भेटवून आणते" असं सांगून मी ईश्वरीला रविवारी सकाळच्या गाडीने घेऊन जाईन आणि तिथेच ठेवीन. यानंतर आप्पा मला दारात उभं करणार नाहीत हे मला ठाऊक आहे, त्याची भीतीही वाटते. आधी कळवलं असतं तर तू पुन्हा काहीतरी साधंसं, शांत आवाजात बोलला असतास आणि सगळ्यांनी पुन्हा वहिनीकडे बघितलं असतं. मीसुद्धा बघितलं असतं. म्हणून पत्र, आणि म्हणून उशिरा.

अजूनही तुझीच बहीण,
अंकिता